चांगजिनच्या थंडीचा हिशेब

नोव्हेंबर १९५०. उत्तर कोरियातल्या डोंगरात अमेरिकन सैनिकांसाठी थँक्सगिव्हिंगचं जेवण मांडलंय. भाजलेली टर्की, सॉस, गरम कॉफी. तिथून काही कोसांवर चिनी सैनिक बर्फात दबा धरून पडले आहेत. त्यांच्या वाट्याला एकेक बटाटा आला आहे, आणि तो गोठून दगड झाला आहे. त्याला दात लागत नाही. तरी ते तो कुरतडत राहतात, कारण दुसरं काही नाही.

‘द बॅटल ॲट लेक चांगजिन’ या चिनी युद्धपटातलं हे दृश्य. सिनेमा ३० सप्टेंबर २०२१ ला, म्हणजे चीनच्या राष्ट्रीय दिनाच्या आदल्या दिवशी लागला आणि बटाटा देशभर गाजला. तरुण मुलं घरच्या फ्रीझरमध्ये बटाटे गोठवून ते चावून बघायची आणि त्याचे व्हिडिओ टाकायची. हुतात्म्यांच्या स्मारकांवर फुलांच्या जोडीला बटाटे दिसू लागले. दोन महिन्यांच्या आत हा चीनच्या इतिहासात सर्वाधिक गल्ला जमवणारा सिनेमा ठरला. तोवरचा विक्रम ‘वुल्फ वॉरियर २’चा होता, आणि दोन्ही सिनेमांचा नायक एकच, वू जिंग. कमाई सुमारे ५७७ कोटी युआन, डॉलरमध्ये ९० कोटींच्या वर. त्या वर्षी जगभरात त्याच्यापेक्षा जास्त पैसे फक्त नव्या ‘स्पायडर-मॅन’ने मिळवले. चीनमधला विक्रम पुढे २०२५ मध्ये ‘न झा २’ या ॲनिमेशनपटाने मोडला.

पुढचा भाग चारच महिन्यांत आला. १ फेब्रुवारी २०२२ ला, चांद्र नववर्षाच्या मुहूर्तावर, ‘वॉटर गेट ब्रिज’. त्याचा गल्ला ४०६ कोटी युआनचा. भारतात हे दोन्ही सिनेमे थिएटरात लागले नाहीत. सबटायटल्सच्या आधाराने घरीच बघावे लागतात. सलग बघितले तर साडेपाच तासांच्या आत संपतात. बघून झाल्यावर माझ्या डोक्यात एकच प्रश्न उरला. या माणसांच्या अंगावर थंडीचे कपडे का नव्हते? दोन्ही सिनेमे थंडी जीव तोडून दाखवतात, पण या प्रश्नाजवळ आले की वाट बदलतात.

तीन दिग्दर्शक, एक मालक

एका सिनेमाला तीन दिग्दर्शक, आणि तिघेही आपापल्या परीने मोठे. चेन काइग हे ‘फेअरवेल माय कॉन्क्युबाइन’वाले. १९९३ साली कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळवणारा तो पहिला चिनी सिनेमा. सांस्कृतिक क्रांतीत पोरवयात त्यांनी जमावापुढे स्वतःच्या वडिलांचा, तेही दिग्दर्शकच, जाहीर धिक्कार केला होता, आणि त्याबद्दल त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहिलंही. दुसरे त्सुई हार्क, हाँगकाँगच्या सिनेमाला वेग आणि चमत्कृती देणारे. तिसरे दान्ते लाम, ‘ऑपरेशन रेड सी’सारखे धडाकेबाज युद्धपट काढणारे. कामाची विभागणी पडद्यावरही ओळखू येते. नदी, होडी, घर, निरोप हे सगळं चेन काइग यांचं. रात्रीचे हल्ले आणि जवळून लढल्या जाणाऱ्या चकमकी लाम यांच्या. रणगाडे, विमानं, कोसळणारे पूल ही त्सुई हार्क यांची हौस. दुसऱ्या भागावर त्यांचाच हात जास्त दिसतो.

पटकथा लान शियाओलोंग यांची. ‘बोना’ ही खासगी कंपनी निर्मितीत पुढे होती आणि सैन्याचा जुना ‘एक ऑगस्ट’ स्टुडिओही सोबत होता. खर्च १३० कोटी युआनच्या घरात सांगितला गेला. गर्दीच्या दृश्यांसाठी ७० हजारांवर माणसं वापरल्याचं प्रसिद्धीतून आवर्जून सांगितलं जाई. चीनमध्ये सिनेमाचा कारभार २०१८ पासून थेट कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचार विभागाकडे आहे. २०२१ हे पक्षाच्या शताब्दीचं वर्ष होतं. तेव्हा या सिनेमाच्या मागे कुणाची इच्छा होती हे वेगळं सांगायला नको.

पण हीच लढाई का? कोरियन युद्धावर चीनमध्ये १९५० आणि ६०च्या दशकांत भरपूर सिनेमे निघाले. १९५६ चा ‘शांगगानलिंग’ आणि त्यातलं गाणं आजही घराघरात माहीत आहे. निक्सन बीजिंगला येऊन गेल्यानंतर अमेरिकेशी संबंध सुधारले आणि हा विषय हळूहळू मागे पडला. मित्राच्या घरी जुन्या मारामारीच्या गोष्टी कोण काढतो? पुढे व्यापारयुद्ध पेटलं. मे २०१९ मध्ये सरकारी चित्रपटवाहिनीने ठरलेले कार्यक्रम बाजूला सारून कोरियन युद्धावरचे जुने कृष्णधवल सिनेमे दाखवायला सुरुवात केली. वारा फिरल्याची ती जाहीर सूचनाच होती. अमेरिकेला चीनने एकदा समोरासमोर मागे रेटलं होतं, ही आठवण पुन्हा कामाची झाली. आणि त्या आठवणीतलं सगळ्यात ठळक नाव चांगजिनचं.

रेल्वे थांबलीच नाही

ज्या सैन्याने ही लढाई लढली ते मुळात थंडीच्या मुलखातलं नव्हतंच. सोंग शिलुन यांचा नववा सैन्यसमूह पूर्व चीनच्या किनाऱ्यावर होता आणि तैवानवर उतरण्याचा सराव करत होता. जून १९५० मध्ये उत्तर कोरियाने दक्षिणेवर हल्ला केला, ट्रुमन यांनी तैवानच्या सामुद्रधुनीत आरमार आणून उभं केलं, आणि तैवानचा बेत बारगळला. सप्टेंबरात मॅकआर्थर यांनी इंचॉनला सैन्य उतरवलं आणि युद्धाचं पारडं फिरलं. अमेरिकन फौजा उत्तरेकडे, चीनच्या सीमेवरच्या यालू नदीच्या दिशेने निघाल्या. १९ ऑक्टोबरला चिनी सैन्य ‘स्वयंसेवक’ म्हणून कोरियात शिरलं. सेनापती पेंग दहुआई. कोरियाच्या पूर्व भागात अमेरिकेच्या दहाव्या कोअरला अडवायला माणसं कमी पडत होती. तिथे नवव्या सैन्यसमूहाला घाईघाईने पाठवायचं ठरलं.

ठरल्याप्रमाणे या सैन्याने ईशान्य चीनमध्ये थांबायचं होतं. तिथे त्यांना कापूस भरलेले जाड कोट, कानटोप्या, बूट मिळायचे होते. पण आघाडीवरून निकड आली आणि गाड्या तशाच सीमेकडे रेटल्या गेल्या. शेनयांगच्या स्टेशनातला एक प्रसंग चिनी इतिहासकार नेहमी सांगतात. ईशान्य विभागाचे उपसेनापती हे जिन्यान यांनी ते सैनिक पाहिले आणि ते हादरलेच. अंगात दक्षिणेतल्या हिवाळ्यापुरते पातळ कोट, पायात कापडी बूट. गाडी जेवढा वेळ थांबली तेवढ्यात त्यांनी स्थानिक सैनिकांच्या अंगावरचे कोट आणि टोप्या उतरवून डब्यांत फेकायला लावल्या. दीड लाखाच्या फौजेत असे किती कोट पुरणार?

१९५० चा हिवाळा त्या भागात कित्येक वर्षांत पडला नव्हता असा पडला. चांगजिन जलाशयाभोवतीच्या पठारावर रात्री पारा उणे ३० च्या खाली जाई. २७ नोव्हेंबरच्या रात्री हल्ला सुरू झाला. तोफा बहुतेक मागेच राहिलेल्या, आकाश अमेरिकन विमानांचं, म्हणून सगळी हालचाल रात्री. विस्तव पेटवायचा नाही, धूर दिसेल. शिजवायचं नाही. बटाटे काखेत धरून थोडे नरम करायचे आणि खरवडून खायचे, असं त्या लढाईतून वाचलेल्यांनी सांगून ठेवलं आहे. बंदुकांचे खटके गोठत. थंडी अमेरिकनांनाही सोडत नव्हती. त्यांचे वैद्यकीय मदतनीस मॉर्फिनच्या नळ्या गोठू नयेत म्हणून तोंडात धरून फिरत. जखमींना द्यायचा प्लाझ्मा बाटलीत गोठून जाई. फरक एवढाच की त्यांच्याकडे तंबू होते, स्टोव्ह होते आणि हगारू-रीला बुलडोझरने तयार केलेली धावपट्टी होती. तिथून चार हजारांहून जास्त जखमी विमानाने हलवले गेले.

ती धावपट्टी आयती मिळाली नव्हती. कोअरचे प्रमुख आल्मंड यांना घाई होती, ‘नाताळपर्यंत घरी’ ही मॅकआर्थर यांची भाषा होती. पहिल्या मरीन डिव्हिजनचे जनरल ओलिव्हर स्मिथ यांना हे पटत नव्हतं. ते मुद्दाम सावकाश पुढे सरकले, वाटेत रसद साठवली, धावपट्टी बांधून घेतली. वरिष्ठांच्या घाईला खालच्या माणसाने लावलेला तो लगाम होता. त्यातून हजारो जीव वाचले. चिनी बाजूला तसा लगाम कुणाला लावता आला नाही.

चीनच्या अधिकृत लष्करी इतिहासातच आकडे आहेत. लढाईत मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून १९,२०२. हिमदंशाने निकामी झालेले २८,९५४, आणि नुसत्या थंडीने मेलेले ४ हजारांवर. म्हणजे शत्रूच्या गोळ्यांनी बाद केली नाहीत तेवढी माणसं थंडीने बाद केली. लढाई संपल्यावर चारच दिवसांनी, १७ डिसेंबरला, खुद्द माओ यांनी तारेतून या सैन्यसमूहाच्या हालांची दखल घेतली. पुढे काही महिने या सैन्याला आघाडीवर उतरता आलं नाही. आकडे लपवलेले नाहीत. पण ते सांगताना बोट हवामानाकडे दाखवलेलं असतं.

सातवी कंपनी

पडद्यावर ही सगळी लढाई एका कंपनीच्या नजरेतून दिसते. वू छियानली हा सातव्या कंपनीचा कमांडर. सिनेमा सुरू होतो तेव्हा तो मोठ्या भावाच्या अस्थी घेऊन नदीवरच्या घरी आला आहे. आई-वडील होडीतच राहतात, जमिनीवर घर नाही. आता राज्य आपलं आहे, वाट्याला जमीन येईल, वसंत ऋतूत घर बांधू, असं तो त्यांना सांगतो. त्याच रात्री परत हजर होण्याचा हुकूम येतो. धाकटा भाऊ वानली, उनाड आणि रागीट, त्याच्या मागोमाग पळून फौजेत शिरतो. ही भूमिका जॅक्सन यी या तरुण गायक-नटाने केली आहे. त्याच्यामुळे थिएटरात आलेल्या मुलींची संख्या मोठी होती.

या भागात चेन काइग यांचा हात लागलेला जाणवतो. होडीत अस्थींची पेटी पुढे ठेवल्यावर आई-वडिलांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते तो कॅमेरा शांतपणे बघत राहतो. कुणी भाषण करत नाही. पुढे आघाडीकडे जाणाऱ्या गाडीचे दरवाजे उघडतात आणि बाहेर चीनची भिंत दिसते. दक्षिणेतली ही पोरं ती पहिल्यांदा बघत असतात. तिथे पार्श्वसंगीत चढतं आणि सिनेमा आपली खरी जात दाखवतो. यापुढे माणसं मरतील ती या भिंतीसाठी, होडीतल्या आईसाठी नाही, हे इथे ठरून जातं.

कंपनीतली माणसं मात्र जिवंत उतरली आहेत. चष्मा लावणारा, मुलीचा फोटो जवळ बाळगणारा शांघायचा मेई शेंग. तोफखान्याचा म्हातारा लेई, ज्याला सगळे घरच्या वडीलधाऱ्यासारखं मानतात. अमेरिकन विमानांनी हल्ल्यासाठी टाकलेला खुणेचा धूर तो गाडीत घालून दूर नेतो आणि त्यात मरतो. मरताना तो घोषणा देत नाही. फार दुखतंय म्हणून कळवळतो, घरी न्या म्हणतो. प्रचारपटात हे क्वचित घडतं.

पहिल्या भागाचा शेवट गोठलेल्या कंपनीवर होतो. रस्त्याच्या वर डोंगरउतारावर बंदुका रोखून दबा धरलेली एक अख्खी तुकडी जागच्या जागी गोठून गेलेली. अशा तीन तुकड्यांची नोंद चिनी इतिहासात आहे. सिनेमात मागे हटणारे स्मिथ त्यांच्यासमोर थांबतात आणि सलाम करतात. हा सलाम पटकथेतला. त्यामागचा हेतू कळतो, कारण शत्रूने दाद दिली की शौर्यावर शिक्का बसतो. पण त्या सलामाने आणखी एक काम होतं. प्रेक्षकाचे डोळे भरून येतात, आणि ही तुकडी लढाईत मेली की रसदखात्याच्या घाईत, हे विचारायची वेळ निघून जाते.

तीनदा उडवलेला पूल

दुसऱ्या भागात सगळं काही एका पुलावर येऊन थांबतं, आणि इथे इतिहास सिनेमाइतकाच थरारक आहे. जलाशयापासून समुद्राकडे जाणारा एकच अरुंद रस्ता, आणि फुनचिलिन खिंडीत तो जलविद्युत केंद्राच्या पाण्याच्या नळांवरून जाई. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी. तिथला छोटा पूल चिन्यांनी एकदा उडवला, दुरुस्त झाल्यावर पुन्हा उडवला, आणि तिसऱ्यांदाही. फट सात-आठ मीटरची, पण ती न बुजवता एकही गाडी पुढे जाऊ शकत नव्हती.

मरीनचे अभियंता जॉन पार्ट्रिज यांनी मागितलेला उपाय तेव्हा कुणीच करून पाहिला नव्हता. लोखंडी ट्रेडवे पुलाचे तुकडे विमानातून खाली टाकायचे. एकेक तुकडा अकराशे किलोंच्या वर. ७ डिसेंबरला सी-११९ विमानांनी असे आठ तुकडे मोठ्या पॅराशूटना बांधून टाकले. एक चिन्यांच्या हद्दीत पडला, एक मोडला, पण गरज त्याहून कमी तुकड्यांची होती. ९ डिसेंबरला पूल उभा राहिला आणि त्यावरून सुमारे १४ हजार माणसं आणि १,४०० वाहनं निघून गेली.

सिनेमाची गोची इथेच आहे. सातवी कंपनी पूल उडवते, पुन्हा उडवते, माणसामागून माणूस मरतो, आणि शेवटी शत्रू पूल ओलांडून जातोच. इतिहास बदलता येत नाही. त्सुई हार्क यांनी मग सगळा भर मरण्यावर दिला आहे. आगीचे लोळ, बर्फ, रणगाडे, घड्याळाचे काटे. मध्यंतरानंतर डोळे थकतात. शेवटी वानली एकटाच उरतो. कंपनीची हजेरी घेतली जाते, दीडशेच्या वर माणसांच्या जागी तो एकटा ‘हजर’ म्हणतो. भावाच्या अस्थी घेऊन तो होडीकडे परततो. पहिल्या भागाची सुरुवात आठवते आणि पोटात कालवतं. पराभवाच्या इतक्या जवळ जाऊनही सिनेमा त्याला विजयच म्हणतो.

गंमत म्हणजे अमेरिकन मरीनही या लढाईला विजयच म्हणतात. वेढा फोडून, जखमी आणि मृत सोबत घेऊन, ते शिस्तीत समुद्रापर्यंत आले, ही त्यांच्या दलाच्या अभिमानाची गोष्ट. जलाशयाच्या पूर्वेला मात्र त्यांच्याच लष्कराची एक रेजिमेंटएवढी तुकडी जवळजवळ संपली. तिचा झेंडा चिन्यांच्या हाती लागला आणि आज बीजिंगच्या लष्करी संग्रहालयात आहे. नकाशावर पाहिलं तर चिनी बाजूचं म्हणणंही खोटं नाही. डिसेंबर संपता संपता पूर्व किनाऱ्यावरचा उत्तर कोरिया अमेरिकनांनी सोडला होता. दोन्ही बाजूंना अभिमान बाळगायला कारण आहे. फरक पडतो तो नंतरच्या पुस्तकांत. अमेरिकेत डेव्हिड हॅल्बरस्टॅम यांच्या ‘द कोल्डेस्ट विंटर’सारख्या ग्रंथांनी मॅकआर्थर आणि आल्मंड यांना नावानिशी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. स्वतःच्या सेनापतीवर असं पुस्तक लिहिता येणं ही त्या समाजाची ताकद.

ज्यांची जमीन, ते कुठे?

साडेपाच तासांच्या या कथेत कोरियन माणूस जवळजवळ दिसत नाही. युद्ध कोणी सुरू केलं हेही नीट कळत नाही. ते आपोआप पेटल्यासारखं वाटतं आणि मग अमेरिकन येतात. ज्या डोंगरांत हे सगळं चाललं, तिथली गावं, तिथली माणसं यांचं काय झालं?

दक्षिण कोरियाच्या आठवणीत त्याच महिन्याचं चित्र अगदी वेगळं आहे. हंगनाम बंदरातून सुमारे १ लाख सैनिकांबरोबर जवळजवळ तितकेच कोरियन नागरिक जहाजांवर चढून दक्षिणेला निघाले. ‘मेरेडिथ व्हिक्टरी’ या एका मालवाहू जहाजात १४ हजार माणसं दाटीवाटीने उभी होती. २०१४ चा ‘ओड टू माय फादर’ हा कोरियन सिनेमा याच बंदरातल्या चेंगराचेंगरीपासून सुरू होतो. नायकाचा हात सुटलेली बहीण तिथे हरवते. आपल्याकडे हा सिनेमा वेगळ्या रूपात आला. सलमान खानचा २०१९ चा ‘भारत’ त्याचाच रिमेक. तिथे हंगनामच्या जागी फाळणी आली.

सप्टेंबर २०२१ मध्ये, चांगजिन लागण्याच्या सुमारास, दक्षिण कोरियात दुसऱ्या एका चिनी कोरियन-युद्धपटाला परवानगी मिळाली. लोक इतके भडकले की वितरकाने तो मागे घेतला.

प्रश्न विचारणाऱ्याचं काय झालं

लुओ चांगपिंग हे चीनमधले नावाजलेले शोधपत्रकार. २०१२ मध्ये त्यांनी राष्ट्रीय विकास आयोगाच्या एका बड्या अधिकाऱ्याचा भ्रष्टाचार नाव घेऊन उघड केला आणि त्या अधिकाऱ्याला पद गमवावं लागलं, तुरुंगात जावं लागलं. सिनेमा लागल्यावर, ऑक्टोबर २०२१ च्या पहिल्या आठवड्यात, त्यांनी समाजमाध्यमावर लिहिलं. आशय असा की या युद्धाच्या न्याय्यतेचा विचार आजही फारसं कुणी करत नाही, जसा त्या गोठलेल्या कंपनीनेही वरून आलेल्या हुकमांवर संशय घेतला नव्हता. लिहिताना त्यांनी कंपनीचा उल्लेख खिल्लीच्या सुरात केला होता. हाइनान बेटावरच्या सान्या शहरात त्यांना पोलिसांनी ताब्यात घेतलं. वीर आणि हुतात्म्यांच्या सन्मानासाठी चीनमध्ये २०१८ मध्ये कायदा झाला आणि मार्च २०२१ पासून त्यांची बदनामी हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरला. मे २०२२ मध्ये लुओ यांना ७ महिन्यांची शिक्षा झाली.

खिल्लीचा सूर वाईट होता असं म्हणता येईल. मेलेल्यांची थट्टा कुणालाच आवडत नाही. पण त्यातला मूळ प्रश्न हुकूम देणाऱ्यांबद्दल होता, आणि शिक्षा झाली ती मेलेल्यांच्या नावाने. कायद्याची हीच खुबी आहे. हुतात्मा पुढे उभा केला की त्याच्या मागे सेनापती, रसदखातं, पुढारी सगळे झाकले जातात.

पहाऱ्यावर थोरात

या कथेचा एक तुकडा कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका माणसाच्या हाताखालून गेला. सिनेमात तो तुकडा मुळीच नाही.

युद्धात भारताने लढाऊ सैन्य पाठवलं नाही. चीन युद्धात उतरेल हा झोऊ एनलाय यांचा इशारा ऑक्टोबर १९५० च्या सुरुवातीला मध्यरात्री बीजिंगमधले आपले राजदूत के. एम. पणिक्कर यांच्याकडेच आला. दिल्लीमार्गे तो वॉशिंग्टनला पोहोचला आणि तिथे कुणी मनावर घेतला नाही. लेफ्टनंट कर्नल रंगराज यांची ६० वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स त्याच हिवाळ्यात कोरियात जखमींवर उपचार करत होती. मोठं काम मात्र युद्धविरामानंतर, १९५३ मध्ये आलं. मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचं काय करायचं? त्यासाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि प्रत्यक्ष पहाऱ्यावरच्या भारतीय दलाचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. ‘माझी शिपाईगिरी’ हे त्यांचं आत्मचरित्र मराठी वाचकांना ठाऊक आहे.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी आमच्या जमिनीवर भारतीय पाऊल पडू देणार नाही असं जाहीर केलं होतं. म्हणून भारतीय जवानांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं गेलं. त्यांच्या ताब्यात २२ हजारांहून जास्त कैदी आले, त्यांतले १४,७०४ चिनी. अनेक जण आधी चँग कै-शेक यांच्या फौजेतले, यादवी युद्धानंतर कम्युनिस्ट सैन्यात ओढले गेलेले. काहींनी मनापासून परतायला नकार दिला होता, काहींना छावणीतल्या दादांनी धमकावून, अंगावर घोषणा गोंदवून नकार द्यायला लावलं होतं. कोण कुठला हे ओळखणं अवघड होतं. एकदा कैद्यांनी एका भारतीय मेजरला आत धरून ठेवलं, तेव्हा थोरात स्वतः त्या कुंपणात गेले, बोलता बोलता तंग वातावरण सैल केलं आणि मेजरला सोडवून आणलं. जानेवारी १९५४ मध्ये प्रकरण संपलं. चिन्यांपैकी काही शेच माघारी गेले, बहुतेकांनी तैवान गाठलं.

चीनला परतलेल्या इतर युद्धकैद्यांच्या नशिबीही सुख नव्हतं. शरण गेलेला म्हणून वर्षानुवर्षं संशय, चौकश्या, बदनामी. हा जिन यांच्या ‘वॉर ट्रॅश’ या कादंबरीचा विषय हाच. हुतात्मा झालेल्या सातव्या कंपनीवर दोन भव्य सिनेमे निघाले, आणि जिवंत राहिल्याबद्दल ज्यांना सजा भोगावी लागली त्यांच्यावर बीजिंगमध्ये एक फूटही फिल्म खर्च होत नाही.

आपलीही एक गोठलेली कंपनी

बीजिंगकडे बोट दाखवून थांबणं सोयीचं आहे. पण थोरातांची गोष्ट कोरियात संपत नाही. पुढे ते लष्कराच्या पूर्व विभागाचे प्रमुख झाले आणि ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी चीनच्या हल्ल्याची शक्यता आणि त्यासाठी लागणारं बळ यावर योजना लिहून पाठवली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ती बाजूला टाकली. तीन वर्षांनी, १९६२ च्या चीन युद्धात, नामका चू नदीच्या काठी आपले जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत उभे होते.

१८ नोव्हेंबर १९६२ ला लडाखमध्ये रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग यांच्या कंपनीने शेवटच्या गोळीपर्यंत झुंज दिली. सुमारे १२० जणांपैकी ११० हून जास्त तिथेच पडले. मागच्या तोफखान्याचा उपयोग नव्हता, मध्ये डोंगर आडवा होता. फेब्रुवारी १९६३ मध्ये त्यांचे मृतदेह सापडले ते मोर्च्यांत, हातातल्या शस्त्रांसह गोठलेले. १९५० साली चांगजिनला ज्या सैन्याच्या पोरांना थंडीचे कपडे मिळाले नाहीत, त्याच सैन्यासमोर बारा वर्षांनी आपली पोरं तशाच कपड्यांत उभी केली गेली.

आपणही गोठलेल्या कंपनीवर सिनेमे काढले. ‘हकीकत’ १९६४ मध्ये, ‘१२० बहादूर’ २०२५ मध्ये. डोळे आपलेही भरून येतात. १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांचा अहवाल सरकारने अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही. तरी एक फरक आहे, आणि तो लहान नाही. ब्रिगेडियर दळवी यांचं ‘हिमालयन ब्लंडर’ आपल्या दुकानांत मिळतं, थोरातांचं आत्मचरित्र मिळतं, आणि मेनन यांना १९६२ चा ऑक्टोबर संपता संपता संरक्षणखातं सोडावं लागलं. आपल्याकडे प्रश्न विचारणाऱ्याला सान्याचा तुरुंग दिसत नाही.

चेन काइग यांनी २०२३ पासून ‘द व्हॉलंटिअर्स’ ही कोरियन युद्धावरची नवी मालिका सुरू केली. पैसा आहे, नट आहेत, बर्फही आहे. शेनयांगच्या स्टेशनात थांबू न दिलेल्या गाडीवर, तो हुकूम कुणी दिला यावर, तिथे सिनेमा निघायला परवानगी लागेल, आणि ती मिळणार नाही. थोरातांनी पाठवलेल्या आणि बासनात गेलेल्या योजनेवर मुंबईत सिनेमा काढायला कुठल्या पक्षाची परवानगी लागत नाही. तरीही तो निघालेला नाही, याचं उत्तर मात्र सेन्सॉरकडे मागता येणार नाही. ते निर्मात्यांना आणि तिकीट काढणाऱ्या आपल्याला द्यावं लागेल.